अंदमानला जायचं ठरवताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अंदमान हे नाव आपल्या मराठी घरांत दोन निमित्तांनी ऐकू येतं. एक म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर आणि काळं पाणी. दुसरं म्हणजे मे महिन्यातली बातमी, ‘मोसमी पाऊस अंदमानात दाखल’. ही बातमी आली की आमच्या मिरजेकडचा शेतकरी आभाळाकडे बघायला लागतो. पण हीच बातमी सहलीला निघणाऱ्या माणसानंही नीट ऐकायला हवी, असं मला वाटतं. ज्या पावसाची आपण जूनमध्ये वाट बघतो, तो तिथं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचलेला असतो. म्हणजे मुलांच्या परीक्षा संपल्या, निकाल लागला, आता मेअखेरीस अंदमान करून येऊ, हा आपला नेहमीचा हिशेब तिथं चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळंही याच दिवसांत होतात. २०१६ च्या डिसेंबरात अशाच एका वादळामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. शेवटी नौदलाच्या बोटी त्यांना आणायला गेल्या.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर अंदमान दाखवताना मुलांना सांगायची, की हे आपलंच आहे, पण चेन्नईपासून सुमारे साडेतेराशे किलोमीटर दूर आहे आणि निकोबारच्या अगदी दक्षिण टोकापासून इंडोनेशियाचं सुमात्रा बेट त्याहून कितीतरी जवळ आहे. मुलं ‘हो’ म्हणायची आणि मीही पुढच्या पानावर जायची. पण जेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंना घेऊन तिथं जायचं ठरलं, तेव्हा त्या साडेतेराशे किलोमीटरचा अर्थ वेगळा लागला. रात्री-अपरात्री काही झालं तर गाडी काढून घरी येता येणार नाही, असा तो अर्थ.

जायचं मूळ सासूबाईंमुळेच निघालं. त्यांच्या माहेरी ‘माझी जन्मठेप’ची जुनी प्रत होती. वडील संध्याकाळी मोठ्यानं वाचायचे आणि ही भावंडं ऐकायची. ‘ती कोठडी मला एकदा बघायचीय’ असं त्या आम्हाला लग्न झाल्यापासून सांगत होत्या. आम्ही ‘बघू, जाऊ’ म्हणत काशी केली, रामेश्वर केलं, अंदमान राहिलं. २०२४ च्या गणपतीत त्यांनी विषय काढला नाही, आणि त्यांनी विषय काढला नाही हेच ह्यांच्या मनाला लागलं. रात्री हे म्हणाले, ‘या जानेवारीत जायचंच.’

आमच्याबरोबर मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. म्हणजे एकीला कोठडी हवी, एकीला शिंपले हवेत, मुलाला पाण्याखाली बुडी मारायची, सुनेला चार दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाही आणि ह्यांना सगळं स्वस्तात हवं. हे सगळं आठ दिवसांत बसवायचं काम माझ्याकडे आलं. भूगोलाची शिक्षिका ना!

गावातल्या एका प्रवासी कंपनीकडून छापील कार्यक्रम आणला. त्यात रोज तीन ठिकाणं होती आणि शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोट, दुपारी विमान. कागदावर फार सुबक दिसत होतं. मी तो कागद बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर सर्वांत खाली पहिली ओळ लिहिली: ‘२५ जानेवारी, सकाळचं विमान’. मग तिथून वर वर चढत गेले. बेटावरच्या सहलीचा बेत असाच शेवटापासून करावा लागतो, कारण घरी परतणं आपल्या हातात नसतं, ते बोटीच्या हातात असतं आणि बोट वाऱ्याच्या हातात. विमान पोर्ट ब्लेअरहून सुटतं. हॅवलॉक तिथून चाळीसेक किलोमीटरवर. मधे समुद्र. तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्येच असायला हवं आणि तो दिवस रिकामा हवा. ‘रिकामा म्हणजे काय? तिथं एवढे पैसे घालून जायचं आणि हॉटेलात बसायचं?’ हे म्हणाले. मी म्हटलं, ‘हो.’

बुडी मारायची हौस असेल तर हा रिकामा दिवस आणखी एका कारणानं लागतो. नळकांडं पाठीला लावून पाण्याखाली गेलं की दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला हवा. लगेच विमानात बसलं तर वरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून पाण्याखालून आल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नाही. मुलाची बुडी त्यामुळे २१ तारखेला गेली आणि त्यानं कुरकुर केली नाही.

तारखा निवडताना मला कामी आलं ते पंचांग. माझं आजोळ मालवणचं. तिथं मामा तिथी बघून समुद्राचं सांगायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला कमी. भरतीच्या नेमक्या वेळा जागेप्रमाणे बदलतात, त्यामुळे मालवणचं घड्याळ तिथं लावायचं नाही, पण उधाण-भांगाचा नियम सगळ्या समुद्राला सारखाच. तिथल्या काही किनाऱ्यांवर ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि पाण्यात उतरणं अवघड होतं. म्हणून संक्रांत होऊ दिली, पौष पौर्णिमा जाऊ दिली आणि वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस हॅवलॉकसाठी धरले. हे कुठल्याही छापील कार्यक्रमात लिहिलेलं नसतं, पण कालनिर्णय भिंतीवर असतंच.

घड्याळाची दुसरी गंमत सूर्याची. सगळ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते. अंदमान जवळजवळ त्र्याण्णव रेखांशावर, मिरज पंचाहत्तरच्या जरा अलीकडे. अठरा अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे बहात्तर मिनिटं झाली. जानेवारीत आमच्याकडे सव्वासहाला दिवस मावळतो, तिथं सव्वापाचलाच. जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊन साडेचारला किनाऱ्यावर निघालात तर पोचेपर्यंत काळोख. राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे आणि तिथला सूर्यास्त बघायला लोक मुद्दाम जातात. मी वहीत लिहून ठेवलं, ‘साडेतीनला निघणे’. सकाळ मात्र पाचालाच फटफटते, ती वाया घालवू नये.

नावांचाही घोळ होतो म्हणून सांगते. २०१८ च्या अखेरीस हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. नकाशावर एक, तिकिटावर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरंच, असं होऊ शकतं. वहीत दोन्ही नावं लिहून ठेवलेली बरी. आपल्याला भारतीय म्हणून या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबार मात्र पर्यटकांना खुलं नाही.

आता बारातांगची गोष्ट. त्या छापील कार्यक्रमात एक पूर्ण दिवस बारातांगचा होता. तिथं चुनखडीच्या गुहा आहेत, खाडीतून खारफुटीच्या जंगलात होडी जाते, सगळं बघण्यासारखं. पण मोटारीचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. ठरलेल्या वेळी गाड्यांचा तांडा पोलीस बंदोबस्तात सोडतात. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही. जारवा बाहेरच्या माणसांशी आपणहून बोलू लागले ते १९९७-९८ च्या सुमारास. जेमतेम काही शे माणसं आहेत ती. साध्या साथीच्या आजारानंही त्यांच्यात हाहाकार होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये त्या जंगलातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तरी तो चालू राहिला आणि २०१२ मध्ये तिथल्या बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. कंपनीचा माणूस मात्र मला हळूच म्हणाला, ‘नशीब असलं तर जारवा दिसतात, मॅडम.’

घरात यावर दोन दिवस वाद झाला. मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ‘आपण गुहा बघायला चाललोय. खिडकीचा पडदा लावून बसू. तिथले लोकही रोज त्याच रस्त्यानं जातात ना?’ ते जातात, उत्तरेकडच्या गावांना त्या रस्त्याची गरजही आहे. पण आपली गरज काय, हा प्रश्न राहतोच. सासूबाई इतका वेळ शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला बघायला सात घरं आली होती. आपण मान खाली घालून बसायचं आणि आलेले पोहे खाऊन उठायचे. सात वेळा झालं, मला माहितीय कसं वाटतं ते.’ बारातांगवर मी काट मारली. मुलानं ‘ठीक आहे’ म्हटलं, पण त्याला ते पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. तो दिवस आम्ही हॅवलॉकला वाढवला.

खरी चिंता कोठडीची होती. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते. मधे मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती, सुमारे सातशे कोठड्या. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. आता तीनच आरे उरलेत. पाडलेल्या भागाच्या जागेत मोठं सरकारी रुग्णालय उभं आहे आणि हे कळल्यावर, खोटं कशाला बोलू, मला जरा धीर आला. पण सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिने चढायचे. सासूबाईंचा एक गुडघा २०१९ मध्ये बदललेला आणि दुसराही कुरकुरणारा. आमचं घर तळमजल्यावर.

मग समोरच्या अपार्टमेंटचा जिना धरला. नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी मी आणि सासूबाई. पहिल्या आठवड्यात एक मजला, कठड्याला धरून, मधे बसायला मी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन. डिसेंबरात दोन मजले. त्या अपार्टमेंटमधली पोरं विचारायची, ‘आजी, कुणाकडं जायचंय?’ सासूबाई म्हणायच्या, ‘सावरकरांकडं.’ डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, चढू दे, उतरताना सांभाळा. सगळे कागद, गोळ्या दुप्पट, त्यांतल्या निम्म्या माझ्या पर्समध्ये आणि निम्म्या मुलाकडे. विमानतळावर चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवली. बोटीवर चढताना धक्का आणि बोट यांच्यामधे किती अंतर असतं, हे मी फोन करून विचारलं. पलीकडचा माणूस हसला, पण म्हणाला, ‘दोन माणसं धरतील, काळजी करू नका.’

सासूबाईंच्या मनात जहाजानं जायचं होतं. सावरकरांना १९११ मध्ये मद्रासहून ‘महाराजा’ नावाच्या बोटीनं नेलं होतं, तसं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं जातात, पण तीनेक दिवस लागतात आणि समुद्र खवळला तर तरण्या माणसाच्याही पोटात ढवळतं. तिथं मी ऐकलं नाही. ‘आई, हॅवलॉकला जाताना होईल की समुद्र’ म्हटलं. त्या गप्प बसल्या. ती तडजोड होती हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

ह्यांचं मत होतं की जेल शेवटी ठेवावं. मी १९ तारखेची सकाळ धरली. आदल्या दिवशी फक्त पोचायचं, जेवायचं आणि झोपायचं. जेलच्या दिवशी दुसरं काहीही नाही. संध्याकाळी तिथं ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो, तोही त्या दिवशी नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्याची मुख्य गोष्ट आधी, ताज्या अंगानं करू द्यावी. शिंपले वाट बघतात.

तर १९ जानेवारीला सासूबाई तो जिना चढल्या. मधे दोनदा थांबल्या. लांबलचक व्हरांडा, ओळीनं गजांची दारं. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि खिडकी माणसाच्या हाताला न लागेल अशी वर. १९११ च्या जुलैपासून १९२१ च्या मेपर्यंत सावरकर या जेलमध्ये होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथंच होते. कोलूला जुंपलेल्या कैद्याला दिवसाला तीस पौंड तेल काढावं लागे. सासूबाईंनी आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. पाचेक मिनिटं आत एकट्या उभ्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. मला वाटलं होतं रडतील. त्यांनी विचारलं, ‘इथून समुद्राचा आवाज रात्री येत असेल का गं?’ मला सांगता आलं नाही.

उतरल्यावर मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवरची कैद्यांची नावं त्या वाचत उभ्या राहिल्या. बंगाली नावं, पंजाबी नावं, रांगाच्या रांगा. बराच वेळ वाचून म्हणाल्या, ‘एवढी माणसं होती! आणि आपल्याला एकाचंच नाव ठाऊक.’ मग नातीला म्हणाल्या, तुझ्या वहीत यातली दहा नावं उतरवून घे. तिनं घेतली. मला वाटतं, या सहलीतलं छापील कार्यक्रमात न मावणारं काही असेल तर ते हे. त्याला वेळ मिळाला, कारण पुढं कुठं पळायचं नव्हतं.

हॅवलॉकचे दिवस सुखाचे गेले, त्याचं फार वर्णन करत नाही. समुद्राचं पाणी इतकं नितळ की कमरेइतक्या पाण्यात पायाची नखं दिसतात. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्याची खाज आठवडाभर राहते, तेव्हा पाय झाकून बसावं. काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या सूचनांचे फलक आहेत, त्यांना हसू नये. जीवरक्षक सांगतील तिथंच पोहावं. रोख पैसे थोडे जवळ ठेवावेत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट खूप सुधारलंय, तरी सगळीकडे भरवसा धरू नये. आणि सरकारी बोटीत जागा मिळाली नाही म्हणून चिडू नये. ती तिथल्या लोकांची एसटी आहे. कुणी दवाखान्यात चाललेलं असतं, कुणी परीक्षेला. आपण खासगी बोटीनं थोडे जास्त पैसे देऊन जाऊ शकतो.

२३ तारखेला दुपारी आमची परतीची बोट होती. सकाळपासून वारा सुटला होता. अकराला निरोप आला, बोट रद्द. धक्क्यावर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. मुलगी बॅगेवर बसून रडत होती आणि नवरा तीन-तीन ठिकाणी फोन लावत होता. त्यांच्या कार्यक्रमाचा कागद मी बघितला, आमच्यासारखाच सुबक छापलेला. सासूबाईंनी तिला राजगिऱ्याची वडी दिली, दुसरं काय करणार? आम्ही खोल्या एका रात्रीसाठी वाढवून घेतल्या. २४ ला सकाळी बोट सुटली, दुपारी आम्ही पोर्ट ब्लेअरला. रिकामा दिवस अर्धा खर्ची पडला होता, अर्धा शिल्लक होता. संध्याकाळी जेलमधला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघितला. ह्यांनी रिकाम्या दिवसाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

सामानाचं एक सांगायचं राहिलं. प्रवाळ आणि बऱ्याच जातींचे शंख-शिंपले वन्यजीव कायद्याखाली येतात, वाळूत पडलेले असले तरी. विमानतळावर बॅगा तपासतात आणि ते काढून घेतात, दंडही होऊ शकतो. नातीला हे निघण्याआधीच सांगितलं होतं. तिनं शिंपले वहीवर ठेवून पेन्सिलीनं कडा गिरवल्या आणि शिंपले परत वाळूत ठेवले. आमच्या पुढच्या गृहस्थांच्या बॅगेतून मात्र प्रवाळाचे चार तुकडे निघाले आणि त्यांची रांग बराच वेळ अडली. आम्ही शेजारच्या रांगेतून पुढे गेलो.